पाच हातांचा नियम

मसोली, डहाणू रोड
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

श्री. मनिष पागधरे,
व्यवस्थापक, खाडी क्वीन्स महिला बास्केटबॉल संघ, ठाणे.

महोदय,

रविवार, दिनांक १२ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तुमच्या लीगच्या मंचावरून अठ्ठेचाळिसावं आणि शेवटचं नाव पुकारलं गेलं, आणि ते निलम काकड्या वरठा हे नव्हतं. वेळ नक्की आहे. मी घड्याळ पाहिलं होतं, कारण मला तेव्हाच कळलं होतं की हे पत्र लिहावं लागणार.

सहा संघ, प्रत्येकी आठ मुली. आल्या होत्या सत्तावन्न. म्हणजे नऊ जणींना कोणीच घेतलं नाही. त्यांतल्या आठ घरी गेल्या ते ठीकच झालं, त्यांचा खेळ मी पाहिला. नववी निलम. शेवटची पाळी तुमच्या संघाची होती, म्हणून पत्र तुम्हाला.

निलम एकोणीस वर्षांची आहे. तलासरीकडच्या पाड्यावरची, डहाणूला वसतिगृहात राहून कॉलेज करते आणि गार्ड खेळते, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ मांडते. तुमच्या नोंदीत तिची उंची पाच फूट एक इंच लिहिली आहे. ती कशी मोजली ते ऐका. हॉलची लाकडी जमीन इतकी चकचकीत होती की निलमने दारातच बूट काढले. पुसलेल्या जमिनीवर आपल्याकडे कोणी पायताण घालून जात नाही. मोजणाऱ्या गृहस्थांनी तिला अनवाणी मोजलं आणि बाकीच्या छप्पन्न जणींना बुटांसकट. एकीच्या बुटाचा तळ तर विटेएवढा होता.

निवड संपल्यावर नऊ जणींना एकेक केळं आणि एकेक टोपी देण्यात आली. टोपी निलमच्या डोक्याला मोठी झाली. सध्या तिचा बाप घालतो.

मी कोण, असं विचाराल. एकतीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून मी दहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मसोलीत एक भातगिरणी बंद पडली आहे, तिच्या खळ्यावर शनिवार-रविवार मुलींना बास्केटबॉल शिकवते. रिंग वेल्डरकडून करून घेतली आणि टेप लावून मोजून घेतली. माझं स्वतःचं शिक्षण मुंबईच्या एका कॉन्व्हेंटात झालं. तिथे सिस्टर बर्नाडेट पायघोळ झग्यात खेळायच्या, माझ्या खांद्याला लागायच्या, आणि चार वर्षांत आम्हा कोणालाही त्यांच्या हातून बॉल काढून घेता आला नाही. त्यांची पितळी शिटी आजही माझ्याकडे आहे. तेव्हा उंचीचं कौतुक मला सांगू नये.

निलमला का वगळलं, याचं लेखी उत्तर शनिवार, २५ ऑक्टोबरच्या संध्याकाळी पाचपर्यंत मिळावं. व्हॉट्सअ‍ॅप चालणार नाही. तिथे निळी खूण येते, उत्तर येत नाही. दिवाळी मध्ये येते हेही कारण चालणार नाही, ती दरवर्षी येते.

निर्मला सावे

---

ठाणे
शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५

आदरणीय सावेबाई,

मुदतीच्या एक दिवस आधी लिहितो आहे, नोंद घ्यावी. यापूर्वीचं माझं शेवटचं पत्र दहावीच्या मराठीच्या पेपरात होतं. मामास पत्र, दहापैकी पाच.

मी मूळचा चिंचणीचा. तुमच्याकडे मंगळवार-शुक्रवार मासळी घेऊन येते ती हिरकणी माझी सख्खी मावशी. तुमच्याबद्दल तिला फोनवर विचारलं. म्हणाली, “सावेबाय? एकेक बोंबील उलटा करून बघते, मंग घेते. तिला उत्तर दे बाबा लवकर, माझं गिऱ्हाईक हाय.”

तर उत्तर. बुटांची चूक आमची. नोंद दुरुस्त करून पाच फूट दोन इंच करायला सांगतो. पण निलमला उंचीमुळे सोडलं नाही. आमच्या कोच रिया मॅडम स्वतः पाच फूट तीन इंच आहेत, त्यांच्यासमोर हा विषय कोणी काढत नाही.

कारण असं की निलम त्या दिवशी चौदा मिनिटं खेळली आणि चौदा मिनिटांत तिने एकही शॉट मारला नाही. चुकले असते तरी चाललं असतं. मारलेच नाहीत. कागदावर तिच्या नावापुढे शून्य आहे, आणि सहाही संघांच्या हातात तोच कागद होता. जी गार्ड शॉट मारत नाही तिला समोरचे मोकळी सोडतात आणि बाकीच्या चौघींना पाच जणी घेरतात. म्हणून कोणी बोट वर केलं नाही. मीही नाही.

राग मानू नये.

आपला,
मनिष पागधरे

---

मसोली
मंगळवार, २८ ऑक्टोबर २०२५

श्री. पागधरे,

राग मी मानत नाही, मला तो येतो. दोन्हींत फरक आहे.

शून्य हा आकडा मला मान्य नाही. निलम खळ्यावर दहातले सात शॉट घालते. पावसाळ्यात शेवाळलेल्या जमिनीवर सहा. मोजणाऱ्याने बुटांत जी अक्कल दाखवली तीच इथे दाखवली असणार. किंवा बाकीच्या चौघींनी तिच्याकडे बॉल येऊच दिला नसेल. हे मी एकतीस वर्षं पाहिलं आहे. मी तेव्हा गॅलरीत पार मागे होते आणि माझ्यापुढे एक उंच कुटुंब बसलं होतं, नाहीतर नावानिशी सांगितलं असतं.

एक गोष्ट मात्र सांगते, कारण ती तुमच्या कागदावर नसेल. निलमची आई भिकी बोर्डीला चिकूच्या वाडीत कामाला जाते. सुट्टीत निलमही जायची. झाडावरून चिकू खाली टाकतात आणि खालची दोन्ही हातांत झेलते. टेचला की गेला. टाकणारीने तो असा टाकायचा असतो की खालचीला हात हलवावा लागू नये. निलमचा पास घेऊन बघा एकदा. तुमच्या त्या विटेएवढ्या बुटांच्या मुलीलासुद्धा तो झेलता येईल.

त्या चौदा मिनिटांचं चित्रण तुमच्याकडे असेलच. ते पाठवा. मी स्वतः मोजते.

निर्मला सावे

ता. क. दहापैकी पाच तुम्हाला जास्तच मिळाले होते. मायना कुठे लिहितात ते अजून शिकायचं आहे.

---

ठाणे
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सावेबाई,

चित्रण पेनड्राइव्हवर घालून मावशीबरोबर पाठवतो आहे. दोन पिशव्यांत बांधायला सांगितलं आहे. वास आला तर माफ करावं, तिच्याकडे टोपली एकच आहे.

पाहताना सहाव्या मिनिटाला थांबा. निलम रिंगखाली एकटी आहे. एकटी म्हणजे अगदी एकटी, समोरची मुलगी घसरून पडली आहे. कोणीही तिथे बॉल आत टाकला असता, मावशीनेही. निलमने वळून तो मागे डाव्या कोपऱ्यातल्या मुलीला दिला.

खेळ संपल्यावर रिया मॅडमनी तिला विचारलं होतं, “तिथे का नाही मारलास?” निलम म्हणाली, “तिच्या हाताला अजून लागला नव्हता.” मॅडमना काही कळलं नाही. मलाही नाही. तुम्हाला कळत असेल तर सांगा. हे भांडण म्हणून विचारत नाही.

आपला,
मनिष पागधरे

---

मसोली
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

श्री. पागधरे,

महिनाभर उत्तर दिलं नाही. तब्येत ठणठणीत होती. तुमच्या मावशीने तुम्हाला वेगळं काही सांगितलं असेल तर ते मी त्या दिवशी दार उघडलं नाही म्हणून.

चित्रण पाहिलं. तुमचा कागद बरोबर आहे. शून्य.

कारण मी आहे.

नोकरीला लागले तेव्हा वर्गात दोन तऱ्हेच्या मुली होत्या. वाड्या-बागायतीवाल्यांच्या, म्हणजे माझ्याच नात्यागोत्यातल्या, आणि पाड्यांवरच्या. दहा जणी कोर्टवर असायच्या, पण बॉल फिरायचा चौघींत. पाड्यावरच्या मुली अख्खा तास नुसत्या इकडून तिकडे पळायच्या आणि घंटा झाली की जायच्या. एका मुलीला मी विचारलं, आज काय खेळलीस? म्हणाली, “बॉल बघितला.” दुसऱ्या दिवशी मी नियम केला. पाचही जणींच्या हाताला बॉल लागल्याशिवाय कोणी शॉट मारायचा नाही. मारला तर शिटी, आणि बॉल समोरच्यांना. माझ्या चुलतभावाची मुलगी रडत घरी गेली, भाऊ शाळेत भांडायला आला, मी त्यालाही नियम समजावून सांगितला. चोवीस सेकंदांत बॉल टाकावा लागतो हे मला माहीत आहे. पाच हातांना अकरा सेकंद पुरतात, मी घड्याळ लावून पाहिलं आहे.

निवृत्त झाल्यावर खळ्यावरही तोच नियम चालू ठेवला. तो शाळेचा आहे, ठाण्याचा नाही, हे मी निलमला कधी सांगितलं नाही. सांगायचं सुचलं नाही. नियम इतका चांगला होता की तो कुणाच्या आड येईल असं मला वाटलंच नाही.

म्हणजे ज्यांना बॉल मिळत नव्हता त्यांच्यासाठी केलेला नियम, आणि त्यानेच त्यांच्यातल्या सगळ्यांत चांगल्या मुलीला बाहेर बसवलं. चाळीस वर्षं मी लोकांकडून लेखी माफी मागवत आले. ही माझी पहिली आहे. फाइलला लावा. हिरकणीला दाखवू नका.

निर्मला सावे

---

ठाणे
मंगळवार, १३ जानेवारी २०२६

आदरणीय बाई,

तुमचं पत्र फाइलला लावण्याआधी रिया मॅडमना दाखवलं. तुम्ही फक्त मावशीला मनाई केली होती.

त्यांनी ते दोनदा वाचलं आणि चित्रण परत लावायला सांगितलं. मग निवडीची यादी मागितली. त्या चौदा मिनिटांत निलमबरोबर खेळलेल्या चौघी जणी कोण होत्या ते पाहिलं. बाई, चौघीही निवडल्या गेल्या आहेत. चार वेगवेगळ्या संघांत. एक आमच्याच संघात आहे, डाव्या कोपऱ्यातली. मी स्वतः तिचं नाव पुकारलं, कारण तिचे शॉट जात होते. ते का जात होते हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. सहा संघांच्या सहा कोचनी चौदा मिनिटं निलमचा खेळ पाहिला आणि बाकीच्या चौघींना घेतलं.

परवा आमच्या पहिल्या गार्डचा गुडघा गेला. मोसम संपला तिचा. रिया मॅडम म्हणाल्या, “तलासरीवाली आण.” निलमला आज सकाळी फोन केला, आता पत्रही जाईल. करार तीन सामन्यांचा आहे: २४ जानेवारी, ३१ जानेवारी, ७ फेब्रुवारी. पुढचं त्यानंतर ठरेल. खोटं आश्वासन देत नाही.

एकच अट मॅडमनी घातली आहे. तिने शॉट मारला पाहिजे.

आपला,
मनिष

---

ठाणे
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

बाई,

नमस्कार. मी इथे ठीक आहे. जेवण चांगलं आहे पण रोज तेच आहे. खोलीत माझ्यासोबत निवडीच्या वेळची ती डाव्या कोपऱ्यातली मुलगी आहे, तिचं नाव संगीता. तिला वाटतं मी वारली म्हणजे मला चित्रं काढता येतात. मी तिला एक कोंबडी काढून दाखवली, तेव्हापासून ती बोलत नाही चित्रांचं.

बूट आता मी बाहेर काढत नाही. पहिल्या दिवशी काढले तर रिया मॅडम म्हणाल्या, “घाल गं बाई, ही काही कुणाची ओटी नाही.”

दोन सामने झाले. मी पहिल्यात नऊ मिनिटं आणि दुसऱ्यात सात मिनिटं होते. पास दिले. शॉट मारला नाही. मॅडम ओरडतात. काल मनिषदादांनी बसवून विचारलं तर मी म्हटलं, बाईंचा नियम आहे, बाईंनी लिहून दिलं तर मारीन. ते तुम्हाला पत्र लिहिणार आहेत.

ते पत्र येण्याआधी मी खरं सांगते. तुम्ही मनिषदादांना माफी लिहिली असं मला कळलं. मला झोप नाही लागली त्याने. बाई, नियमामुळे नाही. निदान सगळं नियमामुळे नाही.

खळ्यावर पाच हात लागले की मी मारते ना. निवडीच्या वेळी ऑक्टोबरात पण दोनतीनदा पाची हात लागले होते. तरी मी मारला नाही. मला वाटलं चुकला तर सगळे बघतील. म्हणतील पाड्यावरची आणली कशाला. पास दिला तर माझ्याकडे कोणी बघत नाही. मग मॅडमनी विचारलं तर माझ्या तोंडातून तुमचा नियम निघाला. तुमचं नाव घेतलं की पुढे कोणी विचारत नाही.

खळ्यावर चुकला तर तुम्ही शिटी वाजवता आणि म्हणता परत मार. इथे परत मारायला कोण देणार.

हे कोणाला सांगू नका. बाबांना पण नाही. बाबा ती टोपी घालून बाजारात सगळ्यांना सांगतात की पोरगी ठाण्याला खेळते. शनिवारी शेवटचा सामना आहे. नंतर मी परत येईन, कॉलेजचा सबमिशन पण राहिला आहे.

तुमची,
निलम

---

ठाणे
सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

आदरणीय बाई,

घाईत आहे. मावशी लग्नाला ठाण्यात आली होती, ती परत निघाली आहे, तिच्या हाती देतो.

निलमने दोन सामन्यांत शून्य शॉट घेतले आहेत. आता सगळ्या संघांना कळलं आहे. शनिवारी तिला मोकळी सोडतील आणि आमच्या बाकीच्या चौघींचा चेंदा करतील. मॅडम म्हणतात, शनिवारीही शून्य राहिलं तर पुढे करार नाही. त्यांना ती आवडते म्हणून जास्तच चिडल्या आहेत.

ती म्हणते, बाईंनी लिहून दिलं तर मारीन. जे लिहिलेलं नाही ते झालेलं नाही, असं तुम्ही शिकवलंय म्हणे. कृपया लिहून द्या. शुक्रवारपर्यंत. मुदत मी पहिल्यांदाच घालतो आहे, त्याबद्दल क्षमस्व.

मनिष

---

मसोली
बुधवार, ४ फेब्रुवारी २०२६

निलम,

तुझं आणि मनिषचं, दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. तुझं पोस्टाने, त्याचं पापलेटाच्या वर.

आधी कामाचं. सोबतचा कागद मनिषला दे. त्यावर लिहिलं आहे की पाच हातांचा नियम निलम काकड्या वरठा हिच्यापुरता शनिवार, ७ फेब्रुवारी, संध्याकाळी सहापासून स्थगित करण्यात येत आहे. रद्द नाही, स्थगित. खाली सही आणि शाळेचा जुना शिक्का आहे. शिक्का माझ्याकडे कसा, ते विचारू नये.

आता दुसरं. तू लिहिलंस ते मी कोणाला सांगणार नाही. मनिषच्या फाइलीत माझी माफी आहे ती तिथेच राहू दे. मी आजवर इतक्या लोकांच्या माफ्या जमवल्या आहेत, माझी एक चुकीच्या कारणासाठी कुठेतरी पडून राहिली तर बिघडत नाही. आणि ती अगदीच चुकीचीही नाही, हे तुलाही माहीत आहे.

मी ते चित्रण अकरा वेळा पाहिलं. तू प्रत्येक वेळी ओठ हलवून हात मोजतेस. पहिल्यांदा वाटलं, शहाणी मुलगी, नियम पाळते. मग तुझे ओठ नीट पाहिले. तू चारपर्यंत मोजतेस. मग परत एकपासून. पाचवा हात तुझा आहे, हे तुझ्या मोजणीतच नाही. तुझ्याकडे बॉल येतो तो जणू पुढे द्यायलाच. ज्या मुलीने मला “बॉल बघितला” असं सांगितलं होतं, तिच्यासाठी मी तो नियम केला. बघण्यासाठी नाही.

चुकला तर लोक बघतील, म्हणतेस. बघतील. मी पण बघेन. मी येते आहे. तुझ्या बापाला घेऊन येते आहे. हिरकणीही येणार म्हणते, तिला भाचा काय काम करतो ते बघायचं आहे. परत मारायला कोण देणार, असं विचारलंस ना. शिटी आणते.

सबमिशनचं मी कॉलेजात बोलते.

निर्मलाबाई

---

मसोली
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

श्री. मनिष पागधरे,
व्यवस्थापक, खाडी क्वीन्स, ठाणे.

महोदय,

शनिवार, दिनांक ७ फेब्रुवारी २०२६ रोजी संध्याकाळी सहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी तुमच्या सामन्याच्या वेळी माझी शिटी जप्त करण्यात आली.

घडलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण तुम्ही तेव्हा दोन्ही हात डोक्यावर ठेवून खाली बघत होतात.

तिसऱ्या सत्रात निलमला बॉल मिळाला. अपेक्षेप्रमाणे समोरच्या संघाने तिला मोकळी सोडली होती. इतकी मोकळी की हिरकणी म्हणाली, “तिला काय वाळीत टाकलंय काय?” निलमने रिंगकडे पाहिलं. मग तिने वर आमच्याकडे पाहिलं. काकड्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. निलमने शॉट मारला. तो रिंगच्या कडेला लागून बाहेर आला, आणि मी शिटी वाजवली.

एकतीस वर्षांची सवय आहे. सिस्टर बर्नाडेट यांची शिटी तुमच्या पंचांच्या प्लास्टिकच्या शिटीपेक्षा मोठ्याने वाजते, यात माझा दोष नाही. नऊ मुली जागच्या जागी थांबल्या. दोन पंच एकमेकांकडे बघू लागले. फक्त निलम थांबली नाही, कारण त्या शिटीचा अर्थ तिलाच ठाऊक होता. बाहेर आलेला बॉल तिने उचलला आणि परत मारला. तो आत गेला.

पंचांनी ते दोन गुण रद्द केले. बरोबर केलं, मी आक्षेप घेत नाही. त्यानंतर तुमच्या एका स्वयंसेवकाने वर येऊन माझी शिटी मागितली. मुलगा सभ्य होता. तो मला “आजी” म्हणाला, तेही मी या एका प्रसंगापुरतं सोडून देते. मी शिटी दिली. पावती मागितली, ती मिळाली नाही.

त्यानंतर दोन मिनिटांनी निलमला पुन्हा बॉल मिळाला. या वेळी शिटी नव्हती. चुकला असता तर परत मार म्हणणारं कोणी नव्हतं, हे तिला दिसत होतं, कारण मी माझे रिकामे हात वर करून दाखवले होते. तिने तरीही मारला. आणि पुढचे चार. पाचातले तीन गेले. मग समोरच्यांना तिच्यावर धावून यावं लागलं, आणि तिने काय केलं ते तुम्ही पाहिलंत. डाव्या कोपऱ्यात संगीता उभी होती.

तुम्ही तीन गुणांनी जिंकलात. माझ्यामुळे रद्द झालेले धरले तर पाचांनी.

परतीच्या वाटेवर काकड्या टोपी हातातच धरून बसला होता. विरारच्या पुढे गेल्यावर मला म्हणाला, “बाय, ती पयला चुकली तवा कोन हासला नाय.” मी म्हटलं, नाही, कोणी हसलं नाही. मग तो टोपी तोंडावर ओढून झोपला.

काल सकाळी हिरकणी घरी आली. रविवारी ती कधी येत नाही. तुम्ही तिला फोनवर सांगितलंत म्हणे की रिया मॅडमनी निलमला पूर्ण मोसमासाठी ठेवून घेतलं आहे. ती दारातूनच ओरडत आली, त्यामुळे माझ्या आधी शेजारच्या चार घरांना कळलं. मी तिला चहा दिला आणि सांगितलं की मासळीवालीच्या तोंडी निरोपावर माझा विश्वास नाही. ती रागावली नाही. म्हणाली, “मंग लिहून मागव.”

म्हणून मागवते.

निलम काकड्या वरठा हिच्याशी पूर्ण मोसमाचा करार झाल्याचं लेखी पत्र मला मिळावं. शनिवारच्या कार्यक्रमपत्रिकेत तिची उंची अजूनही पाच फूट एक इंच छापली आहे, ऑक्टोबरात तुम्ही दुरुस्तीचा शब्द दिला होता. तिला बुटांसकट मोजून ती दुरुस्त करावी. आणि माझी शिटी परत करावी. खळ्यावर येत्या शनिवारी अठरा मुली येणार आहेत. मागच्या शनिवारपर्यंत अकरा होत्या. तोंडाने शिटी वाजवणं मला कॉन्व्हेंटात शिकवलं नाही.

तिन्हींचं लेखी उत्तर सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६ रोजी संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडलं पाहिजे. हिरकणीबरोबर पाठवलंत तरी चालेल, फक्त या वेळी कागद टोपलीच्या बाहेर ठेवावा. तो मी काकड्याला देणार आहे, आणि तो त्याला भिंतीवर लावायचा आहे.

निर्मला सावे